फर्स्ट कॉपी घड्याळ घालणं गुन्हा नाही, विकणं मात्र आहे

प्रश्न : मी नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे, राहायला मनीषनगरला. रोज घालायला स्टीलचं स्पोर्ट्स घड्याळ हवं होतं. खरं रोलेक्स आवाक्याबाहेरचं, म्हणून इन्स्टाग्रामवरच्या एका विक्रेत्याकडून १४ हजारांत ‘मास्टर कॉपी’, म्हणजे हुबेहूब नक्कल, मागवली. ऑफिसमधल्या एकाला ती फार आवडली. मग त्याच विक्रेत्याकडून आणखी एक मागवून त्याला साडेअठरा हजारांत दिली. कॉपी आहे हे सांगूनच दिली, व्हॉट्सॲपवर तसं लिहिलेलंही आहे. आता त्याच्या घड्याळात पाणी शिरलंय आणि तो म्हणतो, ‘४० हजार दे, नाहीतर पोलिसांत जातो.’ इकडे आणखी दोन घड्याळांसाठी विक्रेत्याला दिलेले १० हजार अडकलेत, तो फोन उचलत नाही. ग्राहक आयोगात जाऊ का? हे घड्याळ रोज घालणं कायद्यात बसतं का? थोडं स्पेलिंग बदललेलं मॉडेल घेतलं असतं तर वाचलो असतो का?

उत्तर : तुमच्या मनगटावरच्या घड्याळाची काळजी सोडा. नकली घड्याळ विकत घेऊन स्वतः वापरणाऱ्याला ट्रेडमार्क कायदा, १९९९ शिक्षा देत नाही. ऑफिसला घाला, लग्नाला घाला, फुटाळा तलावावर फिरायला जाताना घाला, कुणी तुम्हाला अडवणार नाही. परदेशातून स्वतःपुरतं एखादं आणलं तरी कस्टम्सच्या २००७ च्या नियमांत वैयक्तिक सामानातल्या बिगरव्यापारी वस्तूंना सूट आहे. बॅगेतून दहा डबे निघाले तर मात्र ती सूट मागायला जाऊ नका.

तुमचं दुखणं दुसऱ्या घड्याळात आहे. ‘कॉपी आहे हे सांगूनच दिली’ हे वाक्य तुम्ही ढालीसारखं पुढे केलंय. ती ढाल अर्धीच आहे. खरं सांगितल्यामुळे तुमच्यावर फसवणुकीचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा, आरोप टिकणं कठीण. पण ट्रेडमार्क कायद्याचं कलम १०४ ग्राहक फसला की नाही हे विचारत नाही. खोटं चिन्ह लावलेला माल जो विकतो, विक्रीला मांडतो किंवा विकण्यासाठी जवळ बाळगतो, तो त्या कलमात येतो. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं; दंड ५० हजार ते दोन लाख. विशेष कारणं निकालपत्रात नमूद करून न्यायालय याहून कमी शिक्षा देऊ शकतं, हा दिलासा आहे. निष्पाप विक्रेत्याला बचावाची सोयही त्याच कलमात आहे, पण त्यासाठी माल नकली असल्याची शंका येण्याचं कारण नव्हतं, असं काहीतरी दाखवावं लागतं. तुमच्या चॅटमध्ये तर ‘कॉपी’ हा शब्द तुमच्याच हातचा आहे. जो मेसेज तुम्ही पुरावा म्हणून जपून ठेवलाय, तोच समोरच्या वकिलाच्याही कामाचा आहे. म्हणून तो पुसून टाका असं मात्र मी सांगणार नाही. तो सहकाऱ्याच्या फोनमध्येही आहेच, आणि पुसापुशी फार वाईट दिसते.

‘एकच तर विकलं, माझा काही धंदा नाही’ हेही पक्षकार नेहमी म्हणतात. धंद्याची अट दिवाणी दाव्यात येते. कलम १०४ मध्ये ‘जो कोणी विकतो’ एवढंच आहे. व्यवहारात मात्र पोलीस दुकानं, गोदामं आणि ठोक माल आणणाऱ्यांच्या मागे असतात, आणि बहुतेक वेळा कंपनीचा प्रतिनिधी तक्रार घेऊन येतो तेव्हाच हालचाल होते. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येणारा, आहे हे खरं, पण झडती-जप्ती पोलीस उपअधीक्षक किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायची असते. नागपूर शहरात आयुक्तालय असल्यामुळे तो सहायक पोलीस आयुक्त झाला. त्यालाही आधी ट्रेडमार्क निबंधकाचं मत घ्यावं लागतं. उद्या सकाळी दारात हवालदार उभा राहील, असं समजून झोप उडवून घेऊ नका.

आता सहकाऱ्याकडे वळू. स्वतःचे साडेअठरा हजार परत मागताना तो पोलिसांचं नाव काढतो, याला मी खंडणी म्हणणार नाही. पण ४० हजार? गुन्ह्यात अडकवण्याची भीती घालून वरचे पैसे उकळणं न्याय संहितेच्या कलम ३०८ कडे जातं, आणि हे त्याला शांतपणे ऐकवायला हरकत नाही. तुम्ही साडेअठरा हजार ऑनलाइन परत करा, घड्याळ परत घ्या, आणि एका साध्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. त्या कागदात एक ओळ चुकूनही घालू नका : ‘पोलिसांत तक्रार करणार नाही या अटीवर रक्कम देत आहे.’ लोकांना वाटतं याच ओळीने आपण सुरक्षित झालो. प्रत्यक्षात फौजदारी कारवाई दाबण्यासाठी पैसे देण्याचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ खाली रद्दबातल आहे, आणि वर तुमचा कबुलीजबाब तुम्हीच लिहून दिलेला असतो. ‘व्यवहार रद्द, वस्तू परत मिळाली, रक्कम परत दिली, कोणाचं काही देणं उरलं नाही’ एवढं पुरे. परत आलेलं घड्याळ ओएलएक्सवर टाकण्याचा मोह होईल. तो आवरा.

अडकलेल्या १० हजारांचं सांगायला जड जातं, पण सांगतो : सोडून द्या. ग्राहक आयोगात तुम्ही काय लिहाल? नकली घड्याळं विकायला मागवली होती, ती आली नाहीत? पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या व्याख्येत ‘ग्राहक’च नाही. व्यवहाराचा हेतूच बेकायदा असला तर न्यायालय कुणाच्याच बाजूने वसुली करून देत नाही. आणि तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात कलम १०४ साठीचा मजकूर तुमच्या सहीनिशी तयार. विक्रेता मुळातच भामटा असेल, अनेकांचे पैसे बुडवत असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण तिथे खरं ते सगळं सांगावं लागेल, घड्याळं स्वतःसाठी होती अशी बतावणी चालायची नाही. तेव्हा फोन लावण्याआधी वकिलासमोर बसा.

हेच घड्याळ तुम्हाला कुणी ‘अस्सल’ म्हणून विकलं असतं, तर माझं उत्तर उलट असतं. खोटेपणाने अस्सल म्हणून विकलेल्या मालाला २०१९ च्या कायद्यात स्वतंत्र व्याख्या आहे. दोन वर्षांच्या आत, नागपूरच्याच जिल्हा आयोगात, विक्रेता कुठल्याही गावचा असला तरी तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही.

राहिला स्पेलिंगचा प्रश्न. एखादं अक्षर इकडचं तिकडे करून काही होत नाही. फसगत होईल इतपत सारखं दिसणारं चिन्हही कायद्याच्या लेखी खोटंच. साधं डायल घेऊन त्यावर रोलेक्सच्या मुकुटाचा लोगो चिकटवून देणारे कारागीर असतात. तिथे तर चिन्ह लावण्याचा गुन्हा, कलम १०३, सुरू होतो.

सुटका आहे ती वेगळ्या बाजूला : नाव नव्हे, नुसतं वळण घेण्यात. नोंदवलेल्या डिझाइनचं संरक्षण आपल्याकडे जास्तीत जास्त १५ वर्षं असतं, ट्रेडमार्क मात्र दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ टिकवता येतो. घड्याळांचा प्रसिद्ध डिझाइनर जेराल्ड जेंटा याने रेखाटलेलं, अष्टकोनी बेझलचं (काचेभोवतीच्या कड्याचं) रॉयल ओक हे महागडं घड्याळ १९७२ मध्ये बाजारात आलं, त्याचंच नॉटिलस १९७६ मध्ये. त्या वळणाची स्टीलची घड्याळं आज कितीतरी कंपन्या स्वतःच्या नावाने विकतात. एखादा विशिष्ट आकारही ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येतो, त्यामुळे सरसकट मोकळीक आहे असं म्हणत नाही. पण डायलवर बनवणाऱ्याचंच नाव असेल तर रोज वापरणाऱ्याला काळजीचं कारण नाही. १४ हजारांत टायटन किंवा कॅसिओचं चांगलं स्टीलचं घड्याळ बर्डीच्या बाजारात मिळतं. मेच्या घामात आणि जुलैच्या पावसात पाणी शिरलंच, तर वॉरंटी कार्ड घेऊन जायला एक दुकान तरी असतं. पक्कं बिल मागून घ्या, आणि घड्याळ जलरोधक असल्याचा दावा किती मीटरपर्यंत आहे हे त्या कार्डावर वाचून मगच पैसे द्या.