आधी खड्डा खण

अनेक आशीर्वाद.

वाण एकच, यीस्ट एकच, तरी तुझ्या द्राक्षबागेच्या वरच्या तुकड्याची वाइन भरीव आणि खालच्याची पाणचट का, असं तू विचारलंस. खालची वाइन नव्या ओकच्या पिंपात ठेवून सुधारेल का, हाही प्रश्न आहेच. नाही सुधारणार, फक्त लाकडाचा वास लागेल. उत्तर बागेत आहे.

दोन्ही तुकड्यांत छातीइतका खोल खड्डा खण आणि आत उतर. मुळं कुठवर गेलीत, कोणत्या थरावर अडून आडवी पसरलीत, ते बघ. ओली माती बोटांत वळून बघ. लांब वळी झाली तर चिकणमाती, लगेच तुटली तर वाळूचा अंश जास्त. पांढऱ्या खड्यावर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाक. फसफसलं तर चुना आहे. मग नव्या लागवडीला चुना सोसणारा खुंट (ज्यावर वाणाचं कलम करतात ते मूळ) लागेल, नाहीतर शिरा हिरव्या राहून पानं पिवळी पडतात.

हे सगळं पाहायचं ते पाण्यासाठी. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातल्या रीसलिंग या पांढऱ्या वाणाच्या वाइनमध्ये स्लेटची, म्हणजे पाटीच्या दगडाची, चव येते, असं तू ऐकलं असशील. मला ते पटत नाही. मुळं दगड शोषत नाहीत, पाण्यात विरघळलेले क्षार शोषतात, आणि त्यातून वाइनमध्ये उतरणारे अंश जिभेला कळण्याइतके नसतात. स्लेटचं खरं काम वेगळं आहे. तो गडद दगड दिवसा तापतो आणि सूर्य मावळल्यावर ऊब सोडतो. थंड खोऱ्यातल्या उभ्या उतारावर द्राक्ष पिकायला ती ऊब मोलाची असते.

फ्रान्समधल्या बोर्दोत जेरार सेगँ या संशोधकांनी नामांकित बागांच्या जमिनी तपासल्या. तिथल्याच मेदोक भागात खडी, पोमरोलच्या काही भागांत घट्ट चिकणमाती. रसायन जुळत नव्हतं. जुळत होतं ते पाण्याचं वागणं: पाऊस पडला तरी मुळाशी पाणी साचून राहत नाही, आणि कोरड पडली तरी वेल एकदम उपाशी राहत नाही. लवकर तापणाऱ्या खडीवर उशिरा पिकणारा काबर्ने सोव्हिन्यों आणि थंड चिकणमातीवर लवकर पिकणारा मेर्लो, ही लाल वाणांची जोडीही तिथूनच समजते.

तुझ्या खालच्या तुकड्यात बहुधा माती खोल आहे आणि पाणी संपतच नाही. मण्यांत पाणी उतरायच्या, म्हणजे ते मऊ होऊन रंग धरायच्या, सुमारास शेंड्याची वाढ थांबायला हवी. तो पळत राहिला तर साखर पानांकडे जाते, मणी फुगतात, सालीच्या मानाने रस वाढतो, रंग आणि टॅनिन (सालीतला तुरटपणा) पातळ होतात. गर्द पानांच्या सावलीत घड वाढले तर हिरवट वासही येतो. मात्र ताण हवा म्हणून वेल सुकवू नकोस. पांढऱ्या वाणांत जास्त ताणाने सुगंध मरतो, आणि रसात नत्र कमी पडलं की यीस्ट मधेच थकतं.

जागा म्हणजे नुसती माती नव्हे. फ्रान्सच्याच बर्गंडीत कोत दोर या उतारावरच्या ग्रां क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या, बागा बहुतांश उताराच्या मधल्या पट्ट्यात आहेत. पायथ्याशी माती खोल आणि ओली, रात्री थंड हवाही तिथेच उतरून साचते. माथ्यावर माती पातळ आणि वारा जास्त. उंचीचा हिशेबही लक्षात ठेव: 100 मीटरला साधारण 0.6 अंश तापमान उतरतं. थंड प्रदेशात तेवढ्याने तोडणी काही दिवस पुढे जाते.

यंदा तोडणी तुकड्यानुसार कर आणि दोन्ही रस वेगळ्या टाक्यांत ठेव, वाइन करायची रीत मात्र दोन्हींना सारखीच. पाणी उतरताना प्रत्येक तुकड्यातल्या ठरावीक वेलींचे शेंडे मोज: किती थांबले, किती अजून पळताहेत. ते आकडे आणि खड्ड्यांचे फोटो मला पाठव. खालच्या तुकड्यात ओळींमधे गवत वाढू देऊन पाणी ओढून घ्यायचं, चर खणून निचरा करायचा, की तिथे पांढरा वाण लावायचा, हे त्यावरून ठरवू.