मुलींचा सराव, पाळी आणि पालकांच्या शंका

शालेय स्पर्धा जवळ आल्या की क्रीडावैद्यक म्हणून माझ्याकडे तेच प्रश्न पुन्हा येतात.

पाळीच्या दिवसांत सराव बंद ठेवावा का? (पालक, सिडको)

नाही. वेदना किंवा रक्तस्राव नेहमीपेक्षा जास्त असल्यास मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

स्पर्धेच्या दिवशी पाळी येऊ नये म्हणून मेडिकलमधून गोळी आणली तर? (खेळाडू, पंचवटी)

चिठ्ठीशिवाय आणू नये. मैत्रिणीला चालली ती गोळी आपल्याला चालेलच असे नसते. रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार झालेला असल्यास ती धोक्याची ठरू शकते.

सोळा वर्षांची मुलगी लांब पल्ल्याचे धावते. चार महिने पाळी नाही, नडगी दुखते. ‘धावणाऱ्या मुलींचे असेच असते’ असे सगळे सांगतात. (आई, सातपूर)

हे ‘सगळे’ कोण, ते मला एकदा पाहायचे आहे. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, तर तपासणी हवीच. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नसेल, तरीही हवी. आपण लिहिता की मुलगी पहाटे रिकाम्या पोटी धावते, चहा-टोस्ट खाऊन शाळेत जाते, डबा अकराला उघडते आणि वर प्रशिक्षक वजन उतरवायला सांगतात. सरावात खर्च होते तेवढी ऊर्जा अन्नातून मिळाली नाही, तर शरीर प्रथम पाळी थांबवते, हाडे जपणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि हाडे नेमकी ज्या वयात भरायची त्याच वयात विरळ होऊ लागतात. अशा वेळी नडगीचे दुखणे म्हणजे हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्येच या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले, तरी आपल्याकडे स्पर्धा संपेपर्यंत थांबण्याचा सल्ला मिळतो. थांबू नये. धावणे आजच बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांकडून नडगी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडून थायरॉइडसह इतर कारणे तपासून घ्यावीत. नुसत्या गोळीने रक्तस्राव आणला, तर कागदावर पाळी येते, हाड मात्र तसेच राहते. आहारतज्ज्ञांना भेटताना प्रशिक्षकांनाही सोबत न्यावे.

मैदानाबाहेर विकतात तो प्रोटीनचा डबा घ्यावा का? (पालक, इंदिरानगर)

घेऊ नये. डब्यावर न छापलेला घटक उत्तेजक चाचणीत सापडला, तर बंदी विक्रेत्यावर नव्हे, मुलीवर येते.

खेळल्याने पुढे मूल होण्यास अडचण येते, असे सासूबाई म्हणतात. (आई, सिन्नर)

खेळाने येत नाही. मेरी कोम जुळ्या मुलांच्या आई झाल्यावर २०१२ मध्ये ऑलिंपिक कांस्यपदक जिंकल्या. पाळी अनियमित असेल, तर मात्र वर सातपूरच्या आईंना दिलेले उत्तर वाचून वेळ घ्यावी आणि सासूबाईंनाही सोबत आणावे.