पाठांतर जमत नाही, तरी अकरावी-बारावीला आर्ट्समध्ये इतिहास घेऊ का?

घे की. मीपण सनावळ्यांना घाबरूनच घेतला होता आणि तेच सगळ्यात कमी त्रासाचं निघालं. महाराष्ट्र बोर्डाचा पेपर 80 मार्कांचा, उरलेले 20 कॉलेजकडचे, आणि त्या 80 मध्ये कारणं द्या, तुमचे मत नोंदवा, टीपा असं बरंच असतं, म्हणजे नुसता सन आठवून भागत नाही.

आता वसईचा तह घे, 31 डिसेंबर 1802. नुसता पाठ केलास तर आठवड्यात विसरशील. पण ऑक्टोबरमध्ये पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या आणि शिंद्यांच्या फौजेला हरवलं, बाजीराव पळून वसईला इंग्रजांकडे गेला, तिथे तैनाती फौज (म्हणजे आपल्या खर्चाने इंग्रजांची फौज ठेवणं) मान्य करून बसला, तोच हा तह, मग 1803 ला शिंदे-भोसल्यांशी इंग्रजांचं युद्ध आणि शेवटी 1818 ला पेशवाईच संपली, असं गोष्टीसारखं एकदा घरच्यांना सांगून बघ, आईला भाजी निवडताना सांगितलं तरी चालेल (माझी आई "मग पुढे?" विचारायची, तिथेच कळायचं आपलं काय अडलंय).

अकरावीला हडप्पा वगैरे प्राचीन काळातलं येतं. बारावीला युरोपातलं प्रबोधन, वसाहतवाद, महायुद्धं, शीतयुद्ध असं येतं, ते सुरुवातीला जरा जड जातं. गाईड घेऊ नकोस लगेच, आधी बालभारतीचं पुस्तक दोनदा वाच आणि नकाशा उघडा ठेव शेजारी, नकाशावरचा प्रश्न उगाच सोडतात पोरं. आणि हो, लिहायचा स्पीड मात्र आत्तापासून वाढव, माझी शेवटची टीप अर्धीच राहिली होती.