विद्यापीठाचे चौदा परदेशी करार पाहून प्रवेश घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा: पदवीनंतर पर्यावरणशास्त्रात पुढे शिकायचं आहे, एका विद्यापीठाच्या माहितीपत्रकात चौदा परदेशी विद्यापीठांशी ‘संशोधन व प्रशिक्षण सहकार्य’ असल्याचं लिहिलंय, तर त्या आकड्यावर विसंबून तिथे प्रवेश घ्यावा का?

आकड्यावर अजिबात जाऊ नका. अशा एका संयुक्त प्रकल्पात मी आधी विद्यार्थी होतो, नंतर त्याचे नमुने आणि डेटा सांभाळले. सामंजस्य करार बहुतेक वेळा दोन-तीन पानांचा असतो. त्यात ‘देवाणघेवाण’, ‘परस्परहित’ असे शब्द भरपूर असतात, पैशाचा उल्लेख सहसा नसतो. सही करणारे कुलगुरू बदलले की अनेक करार फाइलीतच झोपतात. चौदांपैकी दोन जागे असतील तरी ते विद्यापीठ चांगलं म्हणायचं.

जागा करार कसा असतो ते सांगतो. आमचा प्रकल्प नदीतल्या पोषकद्रव्यांचा होता. एकाच दिवशी, एकाच जागी आम्ही आणि परदेशी पाहुण्यांनी पाणी भरलं, पण नायट्रेटचे आकडे जुळेनात. दोन महिने ईमेलवर सभ्य भाषेत एकमेकांच्या यंत्रांवर संशय घेणं चाललं. शेवटी एकच नमुना अर्धा-अर्धा करून दोन्हीकडे तपासला, तर दोन्ही यंत्रं ठणठणीत! गोम गाळण्यात होती. ते लोक काठावरच सिरिंजला ०.४५ मायक्रॉनची गाळणी लावून पाणी बाटलीत घेत. आम्ही बाटल्या बर्फाच्या पेटीत घालून संध्याकाळी प्रयोगशाळेत आणायचो आणि मग गाळायचो. न गाळलेल्या पाण्यात जीवाणू आणि शेवाळ जिवंतच असतात. थंडीने त्यांचा वेग मंदावतो, पण बाटलीतसुद्धा ते नायट्रेट वापरतात, अमोनियमचं नायट्रेट करतात. म्हणजे दिवसभरात नमुनाच बदललेला. नंतर त्यांच्या तंत्रज्ञ बाई तीन आठवडे येऊन राहिल्या, आमच्याबरोबर चिखलात उतरल्या. त्या तीन आठवड्यांत मी जे शिकलो ते कुठल्याच उन्हाळी शिबिराच्या प्रमाणपत्रात मावलं नसतं.

पर्यावरण संशोधनात परदेशी जोडीदार लागतो तो मुख्यतः यासाठी, मोजमाप एका पट्टीवर यावं म्हणून. हवाई बेटावरच्या मौना लोआ ज्वालामुखीवर शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. आज जागतिक हवामान संघटनेच्या जाळ्यातली केंद्रं आपली मोजमापं अमेरिकेतल्या बोल्डरच्या प्रयोगशाळेतल्या प्रमाण वायूंशी, म्हणजे नेमकं प्रमाण माहीत असलेल्या वायूंशी, जुळवून घेतात. हवेतले धूलिकण मोजणाऱ्या एरोनेट या आंतरराष्ट्रीय जाळ्यातली सूर्य-फोटोमीटरं, म्हणजे सूर्यप्रकाश मोजणारी यंत्रंही साधारण वर्षाकाठी कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे त्यांचं मोजमाप तपासून जुळवून घेण्यासाठी, पाठवावी लागतात. त्यामुळे माहितीपत्रकात भेट मिळालेल्या यंत्रासोबतचा फोटो दिसला की मी एवढंच विचारतो, ते पाठवायचं भाडं आणि कस्टमची कागदपत्रं कुणाकडे आहेत? उत्तरादाखल सगळे एकमेकांकडे बघू लागले तर यंत्र कपाटात आहे असं समजा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्या पहिल्या पेपरात माझं नाव लेखकांत नव्हतं, शेवटच्या आभारात होतं, तेही चुकीच्या स्पेलिंगने. नमुने आम्ही गोळा करायचे, विश्लेषण आणि लेखन तिकडे, हा प्रकार इतका जुना आहे की त्याला ‘पॅराशूट संशोधन’ असं नावच पडलंय. जैविक नमुन्यांपुरता तरी आता कायद्याचा आधार आहे. २०१० साली स्वीकारलेला आणि १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू झालेला नागोया प्रोटोकॉल हा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की जनुकीय संसाधनं, म्हणजे वनस्पती, प्राणी, जीवाणू यांच्यातली जनुकीय सामग्री, वापरायची तर ती देणाऱ्या देशाची पूर्वसंमती घ्यावी आणि लाभाची वाटणी आधी ठरवावी. देशागणिक नियम वेगळे असतात आणि अमेरिका त्यात सामीलच नाही. म्हणून मातीतल्या जीवाणूंवर काम करणार असाल तर नमुना हस्तांतरणाचा करार आधी वाचा, पेटी नंतर भरा. नदीचे आकडे किंवा हवेच्या नोंदी यांना मात्र हे कवच नाही. तिथे डेटा कुणाच्या सर्व्हरवर राहणार आणि लेखक कोण, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावं लागतं. अवघडल्यासारखं होतं, तरी घ्या.

आणि परदेशी प्रशिक्षणच हवं असेल तर त्यासाठी विद्यापीठाचा करार लागतोच असं नाही. युरोपात इरास्मस मुंडस या युरोपीय संघाच्या योजनेचे संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम २००४ पासून आहेत. शिष्यवृत्तीसाठी अर्ज स्वतः करायचा असतो, आणि एकाहून जास्त देशांतल्या विद्यापीठांत शिकायला मिळतं. पुढे पीएचडीला लागलात तर व्हिएन्नाजवळच्या आयआयएएसए (इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर अप्लाइड सिस्टिम्स अॅनालिसिस) या संशोधन संस्थेचा तीन महिन्यांचा उन्हाळी कार्यक्रम बघा, तो १९७७ पासून चालू आहे. शीतयुद्ध चालू असताना, १९७२ मध्ये, अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघांनाही एकत्र आणून ही संस्था उभी राहिली. म्हणजे भांडणाऱ्यांनाही एका टेबलावर बसवायचा तिला सराव आहे! निधी मात्र बराचसा सदस्य देशांच्या संस्थांकडून येतो, तेव्हा तुमचा देश सदस्य आहे का ते आधी तपासा.

राहिलं तुमचं विद्यापीठ. त्या विभागाचे गेल्या पाच वर्षांतले परदेशी सहलेखकांबरोबरचे पेपर काढा आणि पहिलं नाव कुणाचं आहे ते बघा, विद्यार्थ्यांची नावं कुठे आहेत तेही बघा. मग तिथल्या एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला गाठा. करार किती आहेत हे त्याला विचारू नका. नमुन्यांची शेवटची पेटी कधी गेली आणि तिचे निकाल परत आले का, एवढंच विचारा.