वाचकांचे प्रश्न : किवी पिकेनात, पिकले तर टिकेनात

प्रश्न : गेल्या महिन्यात सासऱ्यांना डेंग्यू झाला होता. भेटायला येणाऱ्या बहुतेकांनी किवीच आणले आणि बघता बघता घरात वीस-बावीस फळे जमली. सगळी दगडासारखी कडक होती, म्हणून मी ती फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात सफरचंदांशेजारी ठेवली. दहा-बारा दिवसांनी पाहिले तर काही फळे पार गळली होती आणि काही सुरकुतून आंबटढाणच राहिली होती. उरलेल्यांचे मिल्कशेक केले, तेही थोड्या वेळात कडू झाले. चूक कोठे झाली?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपण तासगावच्या द्राक्षांच्या शेजारी राहता, म्हणून तेथूनच सुरुवात करू. द्राक्षाचा घड वेलीवरून उतरवला की त्याची गोडी तेथेच थांबते. किवी हेही वेलीवरचेच फळ असले तरी स्वभावाने ते आंब्याच्या जवळचे आहे : ते कडक असतानाच तोडतात आणि त्यातील पिष्टाची साखर होण्याचे बरेचसे काम तोडणीनंतर होते. शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवल्यास ते काही महिने टिकते, म्हणूनच अरुणाचल-हिमाचलातून किंवा थेट न्यूझीलंडहून आलेले फळ सांगलीच्या गाड्यावर कडक मिळते.

पिकलेल्या फळांतून निघणारा इथिलीन वायू किवीला फार लवकर लागतो, अगदी थंडीतही. सफरचंद हा वायू भरपूर सोडते. म्हणजे आपण त्या फळांना फ्रिजमध्ये ठेवून ‘थांब’ म्हणालात आणि शेजारी सफरचंद ठेवून ‘पीक’ म्हणालात; त्यात एखादे मऊ पडले की त्याने भोवतालच्यांनाही मऊ केले. सुरकुत्या पडल्या त्या मात्र फ्रिजच्या कोरड्या हवेत फळातील पाणी उडाल्यामुळे.

यापुढे कडक फळे न धुता, छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, सफरचंद-केळ्यांपासून दूर फ्रिजमध्ये ठेवावीत. अशी ती काही आठवडे राहतात. दोन-चार दिवसांत खायची असतील तेवढीच चार-पाच बाहेर काढून एका पिकलेल्या केळ्यासह कागदी पिशवीत घालावीत आणि पिशवीचे तोंड दुमडावे. आपल्याकडे आंब्याची आढी घालतात, त्यातलेच हे तत्त्व. पेंढ्याची मात्र गरज नाही, उबेची तर मुळीच नाही. किवी १५ ते २० अंशांत उत्तम पिकतो, त्यामुळे एप्रिलमधल्या सांगलीत पिशवी गॅसच्या ओट्याजवळ न ठेवता घरातल्या सर्वांत गार खोलीत, फरशीवर ठेवावी.

फळ पिकले हे रंगावरून कळणार नाही, कारण केळ्या-आंब्यासारखी याची साल पिवळी होत नाही. ती तपकिरी लवेची आहे तशीच राहते. रोज एकदा फळ तळहातावर घेऊन देठाच्या बाजूला अंगठ्याने हलके दाबावे. किंचित दबले की ते तयार. मध्यभागी दाबू नये, तेथे डाग पडून फळ आतून काळवंडते. पिकलेले फळ फ्रिजमध्ये आठवडाभरात संपवावे.

मिल्कशेक कडू झाले यात आपला दोष नाही. किवीत ऍक्टिनिडिन नावाचे विकर असते. ते दुधातील प्रथिने तोडते आणि त्यातून कडवटपणा येतो. दह्यातही तोच अनुभव येईल. त्यामुळे मिल्कशेक करताक्षणी प्यावे किंवा फळाचा गर आधी चार-पाच मिनिटे चांगला उकळून, गार करून मग दुधात घालावा. याच विकरामुळे जिलेटिनची जेली न शिजवलेल्या किवीने बसत नाही. चायना ग्रासची बसते.

फळे एकदम पिकलीच, तर सोलून, चकत्या करून, ताटात एकेरी पसरून फ्रीझरमध्ये गोठवाव्यात आणि मग डब्यात भराव्यात. गोठवल्याने ते विकर नष्ट होत नाही, त्यामुळे या चकत्या दुधात न घालता सरबतात घालाव्यात. कच्ची फळे मात्र गोठवू नयेत; ती पुढे कधीच पिकत नाहीत.