वाचकांचे प्रश्न : जहाजबांधणीची विद्या संग्रहालयात टिकते का?

प्रश्न : जुन्या लाकडी जहाजांचे अवशेष जपल्याने ती बांधण्याची विद्याही टिकते का?

उत्तर : केवळ अवशेषांनी टिकत नाही, म्हणूनच डेन्मार्कमधील रोस्किल्डचे व्हायकिंग जहाज संग्रहालय मला फार मोलाचे वाटते. १९६२ साली समुद्राच्या खाडीतून उत्खनन करून काढलेली व्हायकिंग या उत्तर युरोपीय दर्यावर्द्यांची अकराव्या शतकातील पाच जहाजे तेथे आहेतच, शिवाय जहाजे बांधणारी कार्यशाळाही आहे. त्या पाचांपैकी सुमारे ३० मीटर लांबीच्या युद्धनौकेची प्रतिकृती घडवताना कारागिरांनी ओकचे ओंडके करवतीने न कापता पाचरींनी उभे फोडले, कुऱ्हाडीने फळ्या तासल्या आणि एकीच्या कडेवर दुसरीची कड चढवून त्या लोखंडी रिव्हेटांनी जोडल्या. लाकडाचे तंतू अखंड राहिल्याने पातळ फळीही लाटेबरोबर लवते, पण तुटत नाही. मूळ नौका आयर्लंडमधील डब्लिन परिसरात बांधली गेल्याचे लाकडातील वलयांवरून कळले होते, म्हणून २००७ साली ही प्रतिकृती समुद्रमार्गे डब्लिनला नेण्यात आली.