उरलेलं मटण फ्रीजरमध्ये ठेवायचं तर कसं?

प्रश्न : ताई, मागच्या आठवड्यात नातवाचं जावळ काढलं, नवसाचं बोकड होतं, पंगत उठली तरी अर्धं पातेलं मटण उरलं. रात्रभर ओट्यावरच झाकून ठेवलं, सकाळी खळखळून उकळलं आणि मग फ्रीजरमध्ये टाकलं. सून म्हणते खाऊ नका, सासूबाई म्हणतात उकळलंय ना, काही होत नाही. काय करू? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : सूनबाईचं ऐका, ते मटण टाकून द्या. नवसाचं अन्न टाकताना जीव तुटतो हे मला कळतं, पण पोरासोरांच्या घरात ही जोखीम नको. आपल्याकडे सगळ्यांचा समज असतो की उकळलं की संपलं. तसं नसतं हो! शिजवताना काही जंतू मरतात पण काहींचे बीजाणू उकळीतही टिकतात, आणि भरलेलं पातेलं मधून तासन्‌तास कोमट राहतं तेव्हा तेच परत वाढतात. काही जंतू असं विष सोडून ठेवतात जे नंतर कितीही उकळा, जात नाही. वासावर तर जाऊच नका, काळ्या मसाल्याच्या रश्श्यात वास कळतो कुठे.

आमच्या घरी पण एकदा असंच झालेलं, रात्रीचं मटण सकाळी गरम करून कळण्याच्या भाकरीसोबत सगळ्यांनी चवीनं खाल्लं आणि संध्याकाळपर्यंत चौघं आडवे. तेव्हापासून मी पंगत उठली की आधी मटणाचं बघते, भांडी नंतर.

शिजवलेलं मटण बाहेर 2 तासांच्या वर ठेवायचं नाही, आणि पारा 32 च्या वर असेल तर 1 तासच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये 44-45 असतो, म्हणजे तासाभरातच आवरायचं. मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये कोंबू नका, आतलं दूधदही पण तापतं. पसरट ताटांत नाहीतर परातीत दोन बोटं जाडीचा थर करा, खाली बर्फाचं पाणी ठेवा (टाकीचं पाणी उन्हाळ्यात चटके देतं, त्याचा उपयोग नाही) आणि मधूनमधून हलवत राहा. वाफ गेली, हाताला कोमट लागलं की लगेच डब्यात भरा, पार गार व्हायची वाट बघत बसू नका.

डबे छोटे घ्या, एका वेळेला संपेल एवढेच. रस्सा गोठला की फुगतो म्हणून वर बोटभर जागा सोडा. वर तर्रीचा थर जमला तर काढू नका, त्यानं खालचं मटण कोरडं पडत नाही. बटाटा घातला असेल तर तो वेचून घ्या, नंतर पार भुगा होतो. डब्यावर तारीख लिहून चिकटवा, आठवणीवर राहू नका. फ्रीजर उणे 18 ला असेल तर मटण कितीतरी दिवस खराब होत नाही, पण 2-3 महिन्यांत संपवलेलं बरं, चव उतरते. नुसत्या खालच्या फ्रीजमध्ये मात्र 3-4 दिवसच.

खायच्या आदल्या रात्री डबा खाली फ्रीजमध्ये उतरवा, ओट्यावर नाही. मग पूर्ण उकळी येईपर्यंत तापवा, मधले तुकडे पण वाफाळले पाहिजेत, आणि लागेल तेवढंच काढा, तापवलेलं परत परत आत नको.

प्रश्न : आमच्याकडे लाईट सारखी जाते, मग फ्रीजरमधलं मटण कधीपर्यंत चालतं? – एक वाचक, चोपडा

उत्तर : दार उघडू नका, एवढं पाळा. फ्रीजर भरलेला असेल तर साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा असेल तर 24, खालचा फ्रीज मात्र 4 तासच. एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. गावाहून परत आल्यावर नाणं बर्फाच्या तळाशी दिसलं तर समजा की मध्ये सगळं वितळून परत गोठलंय, ते मटण घेऊ नका. नाणं वरच असेल आणि मटण दगडासारखं असेल तर खुशाल खा.